धर्मादाय खाट हवी असेल तर ॲडमिशनच्या काउंटरवरच सांगा

बहुतेक मोठ्या रुग्णालयांच्या ॲडमिशन फॉर्मवर वर्गवारीचा एक रकाना असतो. नातेवाईक तो वाचत नाहीत. काउंटरवरचा माणूस विचारतो, "जनरल की सेमी?" आपण घाईत काहीतरी सांगतो, तो टिक करतो आणि डिपॉझिटची पावती फाडली जाते. विमा नसलेल्या कुटुंबाचं पुढचं सगळं बिल या एका उत्तरावर ठरतं. त्या प्रश्नाला तिसरंही उत्तर असू शकतं, "आमची नोंद निर्धन रुग्ण म्हणून करा", हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. बाकीचे डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात आल्यावर सवलत मागत फिरतात. तोवर रुग्ण नऊ दिवस सेमी प्रायव्हेट खोलीत राहिलेला असतो आणि प्रत्येक तपासणीला, प्रत्येक राउंडला त्याच वर्गाचा दर लागलेला असतो.

आधी हक्क काय आहे ते समजून घेऊ, कारण काउंटरवर आवाज स्थिर राहायला त्याचीच मदत होते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये कलम ४१ कक आहे. त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली एक योजना मंजूर केली आणि ती त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू झाली. सार्वजनिक ट्रस्टच्या नावावर चालणाऱ्या ज्या रुग्णालयांचा वार्षिक खर्च ५ लाखांच्या वर आहे, त्यांनी कार्यरत खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. याच राखीव खाटांना धर्मादाय खाटा म्हणतात. म्हणजे २०० खाटांच्या रुग्णालयात २० अधिक २०. राज्यात अशी चारशेच्या वर रुग्णालयं आहेत आणि त्यांत मुंबई-पुण्यातली काही सर्वांत नावाजलेली, चकचकीत लॉबी असलेली रुग्णालयंही येतात. इमारत पाहून "हे आपल्यासाठी नाही" असं ठरवून परत फिरू नका. अशाच ठिकाणी जी खाट तुमच्यासाठी राखलेली असते, ती कुणी मागत नाही म्हणून दुसऱ्याला दिली जाते.

या खाटांचा पैसा कुठून येतो, हेही माहीत असावं. इतर रुग्णांना जी बिलं लावली जातात, त्यांच्या एकूण रकमेच्या २ टक्के रक्कम रुग्णालयाने 'निर्धन रुग्ण निधी' नावाच्या वेगळ्या खात्यात टाकायची असते. आतले लोक त्याला आयपीएफ म्हणतात. महिन्याला ५ कोटींची बिलं होणाऱ्या रुग्णालयात दर महिन्याला १० लाख या खात्यात जमा व्हायला हवेत. तुमचं बिल त्यातून वळतं होतं. तेव्हा तिथे तुम्ही कुणाची मेहेरबानी मागत नसता. ट्रस्टला जमिनीपासून करापर्यंत ज्या सवलती मिळतात, त्यांच्या बदल्यात ठरलेलं हे देणं आहे.

पात्रता कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नावर ठरते. सध्याची मर्यादा अशी: १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर निर्धन, त्यापुढे ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. पूर्वी ८५ हजार आणि १ लाख ६० हजार अशा मर्यादा होत्या. काही काउंटरवर अजून तोच जुना आकडा सांगून लोकांना परत पाठवतात. महिना १५ हजार कमावणारा माणूस निर्धन गटात बसतो आणि ३० हजार कमावणारा दुर्बल घटकात. आपण 'बीपीएल' नाही म्हणून आपल्याला काहीच मिळणार नाही, असं समजणारी कितीतरी मध्यम कमाईची कुटुंबं या दुसऱ्या गटात येतात.

पहिला तास

रुग्णालय ट्रस्टचं आहे की खासगी कंपनीचं, हे शोधायला दोन मिनिटं पुरतात. पावतीवर किंवा पाटीवर नावाखाली ट्रस्टचं नाव असतं, बहुधा नोंदणी क्रमांकही असतो. योजनेची माहिती देणारा फलक दर्शनी भागात लावणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर जिल्हावार यादी असते आणि राखीव खाटांपैकी किती रिकाम्या आहेत, तेही तिथे दाखवलेलं असतं. रुग्णालयात शिरण्याआधी त्या पानाचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा. "खाट नाही" हे उत्तर आलं तर तोच उपयोगी पडतो.

आत गेल्यावर ज्या माणसाला शोधायचं त्याचं पद 'वैद्यकीय समाजसेवक' आहे. खासगी ट्रस्ट रुग्णालयांत त्याला एमएसडब्ल्यू म्हणतात, सरकारीत समाजसेवा अधीक्षक. बिलिंगवाल्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका, वर्गवारी बदलायचा अधिकार त्याला नसतो. कागद तपासून "हा रुग्ण आयपीएफमध्ये घ्या" असं समाजसेवक लिहून देतो. त्याची खोली ओपीडीच्या बाजूला नाहीतर तळमजल्याच्या एखाद्या कोपऱ्यात असते. सुरक्षारक्षकाला विचारा, त्याला नक्की माहीत असते.

अडचण रात्री येते. समाजसेवक कार्यालयीन वेळेतच असतो, आणि छातीत दुखायला लागतं ते रात्री अडीचला. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नाही. कोऱ्या कागदावर अर्ज लिहायचा आणि ड्युटीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे किंवा रात्रपाळीच्या प्रशासकाकडे द्यायचा. मजकूर एवढाच पुरतो:

"माझे वडील (नाव) यांना आज दिनांक (...) रोजी रात्री (...) वाजता आपल्या रुग्णालयात दाखल करत आहोत. आमच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न (...) रुपये आहे. कलम ४१ कक खालील योजनेप्रमाणे त्यांची नोंद निर्धन रुग्ण म्हणून करावी, ही विनंती. शिधापत्रिका व आधार कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मिळताच सादर करू."

दोन प्रती करा. एक द्यायची, दुसरीवर 'मिळाले' म्हणून सही, शिक्का आणि वेळ घ्यायची. सही द्यायला कुणी तयार नसेल तर तोच कागद फोनने काढून रुग्णालयाच्या अधिकृत ईमेलवर पाठवा, म्हणजे वेळेची नोंद राहते. वर्गवारीची मागणी पहिल्या रात्रीच केली होती, हे त्यातून सिद्ध होतं. तीन दिवसांनी "तुम्ही आधी सांगितलंच नाही" असं कुणी म्हणालं तर तोच कागद पुढे करायचा.

रुग्णाची प्रकृती तातडीची असेल तर कागदांची वाट न पाहता त्याला दाखल करून जीव वाचवण्यासाठी लागणारे उपचार सुरू करणं रुग्णालयाला भाग आहे. निर्धन रुग्णाकडून डिपॉझिट मागता येत नाही. ही दोन्ही कलमं योजनेतच आहेत. शिवाय तातडीच्या रुग्णावर उपचार करणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे. रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालेल्यांसाठी तर मे २०२५ पासून केंद्राची वेगळी योजना आहे. त्यात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोकडरहित होतात, तिथे उत्पन्नाचा प्रश्नच येत नाही.

वर्ग मात्र जनरलच घ्यायचा. "आत्ता सेमी घ्या, जनरलमध्ये खाट झाली की हलवू" असं सांगितलं तर ते लेखी मागा, किंवा सरळ नाही म्हणा. सेमी किंवा डिलक्स खोलीत राहिलेल्या रुग्णाला निधीतून मदत देताना समाजसेवकाचाही हात आखडतो, आणि त्याच्या बाजूने ते चूकही नसतं.

उत्पन्नाचा दाखला: सगळ्यात जास्त वेळ इथे जातो

योजनेनुसार तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेखालचं कार्ड यांपैकी एक पुरावा चालतो. पिवळ्या शिधापत्रिकेवर सहसा काम होतं. केशरीवर अनेक रुग्णालयं अडून बसतात आणि तहसीलचा दाखला मागतात. भांडण्यापेक्षा दाखला काढून ठेवणं सोपं, म्हणून घरात कुणी दीर्घ आजारी असेल, कुणाचं ऑपरेशन ठरलेलं असेल, तर तो आजच काढायला टाका. लोकसेवा हक्क कायद्यानुसार दाखला द्यायची मुदत १५ दिवसांची आहे. आयसीयूतला माणूस १५ दिवस थांबू शकत नाही.

अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर घरून करता येतो, नाहीतर सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा आणि स्वयंघोषणापत्र लागतं. नोकरी असेल तर पगाराचा दाखला किंवा फॉर्म १६, शेती असेल तर सातबारा आणि आठ अ, मजुरी किंवा छोटा धंदा असेल तर तलाठ्याचा अहवाल. फाइल बहुतेक वेळा या तलाठी अहवालावरच थांबते. सेतूत पैसे भरून आलो की काम झालं, असं लोकांना वाटतं आणि पंधरा दिवसांनी कळतं की तलाठ्याचा अहवाल लागलाच नव्हता. म्हणून आधी तलाठी कार्यालयात जा, अहवाल हातात घ्या, मगच अर्ज अपलोड करा. रुग्ण दाखल असेल तर रुग्णालयाच्या लेटरहेडवर "रुग्ण आमच्याकडे उपचार घेत आहे" एवढं पत्र घेऊन थेट नायब तहसीलदारांना भेटा. अशा फाइली वेगळ्या काढून एका-दोन दिवसांत सही झालेल्या आहेत, पण त्यासाठी पत्र हवं आणि माणूस समोर उभा हवा.

दाखला नाकारला जाण्याची कारणं ठरलेली असतात. नावातला फरक हे पहिलं: आधारवर 'ज्ञानेश्वर', शिधापत्रिकेवर 'ज्ञानोबा', केसपेपरवर आणखी काही. ॲडमिशनच्या वेळी केसपेपरवर आधारप्रमाणेच नाव लिहायला लावा. घरातलं हाकेचं नाव सांगितलं की पुढे प्रत्येक टेबलावर अडचण. दुसरं, मुदत. दाखल्याच्या खाली तो कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे ते छापलेलं असतं आणि ती तारीख बहुधा ३१ मार्च असते. एप्रिलमध्ये दाखल झालेल्या रुग्णाचा फेब्रुवारीतला दाखला चालत नाही, आणि हे लोकांना नेमकं एप्रिलमध्ये कळतं. तिसरं, दाखला ज्याच्या नावावर आहे त्याचं आणि रुग्णाचं नातं कागदावर दिसत नाही. दाखला मुलाच्या नावावर, रुग्ण आई, आणि शिधापत्रिका वेगळी, असं असेल तर नातं दाखवणारा एखादा कागद जोडावाच लागतो.

एका गोष्टीसाठी धावू नका: आमदाराचं किंवा नगरसेवकाचं पत्र. योजनेत अशा पत्राची अट नाही. पत्राने काम लवकर होतं असं वाटून घरातला एकुलता एक धावणारा माणूस दोन दिवस त्यात घालवतो आणि तहसीलचा कागद राहून जातो.

बिल वाचायचं कसं

ही योजना कळते ती बिल समोर ठेवल्यावर. तिच्यात खर्चाचे दोन भाग केलेले आहेत. पहिल्या भागात खाट, निवासी डॉक्टर, परिचारिकांची सेवा, रुग्णालय देत असेल तर जेवण, चादरी, पाणी, वीज, साफसफाई आणि उपचारासाठी लागणाऱ्या नेहमीच्या तपासण्या येतात. या गोष्टी दोन्ही गटांना मोफत. दुसऱ्या भागात ज्या सेवांचं बिल होतं त्या, आणि औषधं, साहित्य, इम्प्लांट. सेवांना रुग्णालयाच्या सर्वांत खालच्या वर्गाचा दर लावायचा. औषधं, साहित्य आणि इम्प्लांट यांना छापील किमतीऐवजी रुग्णालयाने ज्या किमतीला विकत घेतलं ती किंमत लावायची.

शेवटची ओळ पुन्हा वाचा, कारण सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो. रुग्णालयाच्या खरेदीची किंमत आणि छापील किंमत यांत खूप अंतर असतं, विशेषतः अँटिबायोटिकची इंजेक्शनं, सलाइन, कॅथेटर, टाके घालायचं साहित्य अशा वस्तूंत.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ, आकडे सोपे धरलेले आहेत. पित्ताशयाची शस्त्रक्रिया, सेमी प्रायव्हेट खोलीचं बिल असं: खाट, नर्सिंग वगैरे ९,५००, शस्त्रक्रियागृह आणि सीटी स्कॅन २५,०००, औषधं आणि साहित्य छापील किमतीने ४०,०००. एकूण ७४,५००. तोच रुग्ण धर्मादाय खाटेवर असेल तर ९,५०० शून्य होतात. २५,००० च्या जागी खालच्या वर्गाचे, समजा, १७,००० लागतात. ४०,००० च्या औषधांची खरेदी किंमत समजा २४,००० आहे. बिल झालं ४१,०००. रुग्ण निर्धन गटातला असेल तर हे ४१,००० निर्धन रुग्ण निधीत नावे टाकायचे आणि रुग्णाने काहीच भरायचं नाही. दुर्बल घटकातला असेल तर औषधं-साहित्याच्या २४,००० पैकी निदान निम्मे, म्हणजे १२,०००, त्याने भरायचे. सेवांचे १७,००० पूर्ण धरले तर निम्म्याच्या हिशोबाने ते २९,००० होतात. उपचार करणाऱ्या डॉक्टरने आपली फी सोडली असेल तर ती बिलात धरायचीच नसते, म्हणून डॉक्टरांना एकदा नम्रपणे विचारून पाहा. पुष्कळ डॉक्टर आयपीएफच्या रुग्णाची फी घेत नाहीत, फक्त त्यांना रुग्ण आयपीएफचा आहे हे कुणी सांगितलेलं नसतं.

दुर्बल घटकाला "५० टक्के सवलत" असं सगळेच म्हणतात, त्यामुळे गैरसमज होतो. छापील किमतीने केलेल्या पूर्ण बिलाच्या निम्मे मागितले, म्हणजे वरच्या उदाहरणात ३७,२५०, तर ती योजनेप्रमाणे केलेली आकारणी नव्हे. आधी दर उतरवायचे, मग निम्म्याचा हिशोब.

दर दोन दिवसांनी अंतरिम बिल मागा. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. वर्गवारी चुकीची पडली असेल तर ती तिसऱ्या दिवशी दुरुस्त होते, दहाव्या दिवशी होत नाही. तपासण्यांच्या ओळींसमोर कोणता दर लावला आहे ते दरपत्रकाशी ताडून पाहा. दरांची यादी सगळ्यांना दिसेल अशी लावणं २०२१ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी (सुधारणा) नियमांनी बंधनकारक केलं आहे. हृदयात स्टेंट घातला असेल तर त्याची किंमत बिलात वेगळी दाखवलेली हवी. स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला २०१७ पासून केंद्राने कमाल मर्यादा घातली आहे. इम्प्लांटच्या वेष्टनावरचं स्टिकर केसपेपरवर चिकटवलेलं असतं, त्याचा फोटो घेऊन ठेवा.

नकार येतो तेव्हा

नकाराची वाक्यं साधारण सारखीच असतात. "राखीव खाटा भरल्या आहेत": स्क्रीनशॉट दाखवा, आणि खाटा भरल्याचं लेखी द्या म्हणून सांगा. "निधी संपला आहे": हेही लेखी मागा. निधीचं खातं वेगळं असतं आणि जमा-खर्चाचा हिशोब धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतो, त्यामुळे खोटं लिहून द्यायला कुणी तयार होत नाही. लेखी मागताच अनेकदा खाट सापडते. "तुम्ही डिपॉझिट भरलं, म्हणजे तुम्हाला परवडतं": नातेवाइकांनी उसने आणून भरलेल्या पैशांनी उत्पन्न वाढत नाही, पात्रता दाखल्यावर ठरते. "धर्मादाय आयुक्तांचं पत्र आणा": खाट देताना अशा पत्राची गरज नाही, पण तक्रारीसाठी त्याच कार्यालयाचा दरवाजा आहे.

तक्रार जिल्ह्याच्या सहायक, उप किंवा सहधर्मादाय आयुक्तांकडे करायची. प्रत्येक जिल्ह्यात योजनेवर देखरेख करणारी समिती आहे. अर्जात राग ओतू नका, चार गोष्टी लिहा: रुग्णालय आणि दाखल केल्याची तारीख-वेळ, मागणी कुणाकडे केली, उत्तर काय मिळालं, सोबत कोणते कागद जोडले. रुग्ण अजून दाखल असताना तक्रार गेली तर कार्यालयातून रुग्णालयाला फोन जातो आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. डिस्चार्जनंतरच्या तक्रारीला सुनावणीच्या तारखा पडतात.

बिल भरलं नाही म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हे २०२१ च्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. ज्या घरावर अशी वेळ येते त्याला त्या क्षणी कायदा आठवत नाही, म्हणून शेजाऱ्या-पाजाऱ्यांपैकी कुणाला तरी तो माहीत असायला हवा.

धर्मादाय खाटेच्या आधी आणि नंतर

धर्मादाय खाट हा पहिला पर्याय नव्हे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह सगळे उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत, तिथे थोडं शुल्क लागतं. बाळंतपणासाठी तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझेरियन, औषधं, रक्त, दवाखान्यातलं जेवण आणि घरून नेण्या-आणण्याची गाडी, सगळंच विनामूल्य आहे. क्षयरोगाची औषधं, एचआयव्हीचे उपचार, कुत्रा चावल्यावरची लस, यांसाठी खासगीत पैसे घालवू नका. लहान मुलाच्या हृदयाला छिद्र असेल, ओठ दुभंगलेला असेल, तर अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला गाठा. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अशा शस्त्रक्रिया त्यातून होतात.

त्यानंतर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पाहायची. आता ती पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली आहे आणि एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात. इथे फसगत होते ती वेगळीच. रुग्णालय योजनेत असतं, पण तुमचा आजार ज्या विभागात मोडतो त्या विभागासाठी नसतं. काही प्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. म्हणून "योजना आहे का" एवढंच विचारू नका. प्रवेशद्वाराजवळच्या कक्षात बसलेल्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, डॉक्टरची चिठ्ठी दाखवून "ही प्रक्रिया इथे होते का" असं विचारा. मंजुरी शस्त्रक्रियेआधी घ्यावी लागते. तातडीच्या वेळी फोनवरून कळवायची सोय आरोग्यमित्राकडे असते. योजनेतल्या उपचारासाठी रुग्णालय वरचे पैसे मागत असेल तर १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

आजार त्या योजनेत बसत नसेल तेव्हा धर्मादाय खाट, आणि तीही अपुरी पडली तर मुख्यमंत्री सहायता निधी. तिथे उत्पन्नाची मर्यादा १ लाख ६० हजार आहे, म्हणजे धर्मादाय योजनेपेक्षा कमी, हे ध्यानात ठेवा. ठरावीक गंभीर आजारांनाच मदत मिळते: अवयव प्रत्यारोपण, कर्करोग, हृदयरोग, मेंदूचे आजार, अपघात, भाजणं, नवजात बाळांचे आजार, डायलिसिस असे. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. आधी भरलेलं बिल परत मिळत नाही, त्यामुळे अर्ज रुग्ण दाखल असतानाच गेला पाहिजे. खासगी रुग्णालयाचं अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. अपघात असेल तर एफआयआर किंवा एमएलसीची (रुग्णालयाने पोलिसांसाठी केलेल्या नोंदीची) प्रत, प्रत्यारोपण असेल तर झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयव प्रत्यारोपणाची प्रतीक्षायादी सांभाळणाऱ्या विभागीय समितीच्या, नोंदणीची पावती लागते. यातला एक कागद राहिला की अर्ज परत येतो आणि चार-पाच दिवस जातात.

घरी आल्यावरचा खर्च औषधांचा. डिस्चार्ज कार्डावर औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहून देण्याची विनंती तिथेच करा. जनऔषधी केंद्रात ब्रँडचं नाव सांगितलं तर "नाही" ऐकावं लागतं, मूळ नाव आणि मिलिग्रॅम सांगितलं तर तेच औषध निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत 'जनऔषधी सुगम' ॲपवर पाहता येते. रुग्णालयाच्याच दुकानातून औषध घ्यायची सक्ती करता येत नाही, हे रुग्ण हक्कांच्या सनदेत आहे. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांची रोजची औषधं बहुतेक जनऔषधी केंद्रांत असतात. कंपनी बदलली म्हणून घाबरू नका, पण बदलल्यावर पंधरा दिवसांनी रक्तदाब किंवा साखर तपासून डॉक्टरांना दाखवा.

डिस्चार्जच्या दिवशी निघण्याआधी समाजसेवकाकडे पुन्हा जा. डिस्चार्ज कार्ड, अंतिम बिलाची प्रत आणि त्यावर निधीतून किती रक्कम वळती झाली त्याची नोंद, हे तिन्ही कागद घ्या आणि उत्पन्नाच्या दाखल्याच्या मूळ प्रतीसोबत एकाच पिशवीत ठेवा. टाके काढायला, केमोच्या पुढच्या सायकलला किंवा दुसऱ्या शस्त्रक्रियेला परत याल तेव्हा नवी ॲडमिशन होते, नवा फॉर्म भरला जातो आणि वर्गवारीचा रकाना पुन्हा कोरा असतो. तेव्हा मागचं बिल काउंटरवर ठेवून सांगायचं की मागच्या वेळी आयपीएफमध्ये होतो, आत्ताही तीच नोंद करा. मधे ३१ मार्च उलटून गेला असेल तर दाखला आधी नवा करून घ्या.